न विरघळणाऱ्या गोळ्या

सायखेडा, १८ जुलै २०२४

साधनाताई,

हातानं सवयीनं आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं. तो कागद फाडून दुसरा घेतला.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून टपाल. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते कुंदनदाजींच्या आधी उचलशील आणि न्हाणीघरात जाऊन वाचशील. एवढी मी तुला अजून ओळखते.

आज वाल्मीकनं पेपर आणून दिला. वाल्मीक म्हणजे मी हल्ली जिच्याकडं राहते त्या नवसामावशीच्या बांधाला ज्याचा बांध लागून आहे तो. पेपरात तुमचा दोघांचा फोटो आहे. दाजींच्या गळ्यात शाल, तुझ्या अंगावर येवल्याची पैठणी. खाली लिहिलंय की अंड्याच्या टरफलांपासून घनरूप उत्प्रेरक बनवून या दांपत्यानं तळणीच्या तेलाचं बायोडिझेल केलं, आणि तेही पाण्याचा थेंब न वापरता. मावशीला अक्षर लागत नाही. तिनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, “हिनं काय केलं म्हनं?” मी सांगितलं, “लग्न केलं.”

तू कधी टरफल उकळलंस, ताई? बेकरीच्या मागून आणलेली ती घाण टरफलं मी आप्पांच्या चिवड्याच्या दुकानामागं धुवायचे आणि तू नाकाला पदर लावून जायचीस. टरफलांची पूड कुंभाराच्या मातीत मळून उत्प्रेरकाच्या गोळ्या मी वळल्या. सातपूरच्या भट्टीवाल्याच्या हातापाया मी पडले. पहिल्या गोळ्या तेलात विरघळून दूध झाल्या तेव्हा रडले ती मी. ज्या दिवशी गोळ्या टिकल्या, म्हणजे तेलाचं डिझेल झालं आणि गोळी जशीच्या तशी गाळणीत राहिली, त्या दिवशी मात्र तू होतीस. आप्पांच्या टेम्पोत ते डिझेल घालून आपण दोघी वणीला देवीला गेलो. घाट चढताना मागं सगळीकडं भज्यांचा वास. तू इतकी हसलीस की नांदुरीला टेम्पो थांबवावा लागला.

वर्षभरातच आप्पा गेले, मग आई गेली. मी झोपेनाशी झाले, जेवेनाशी झाले. दवाखान्यात राहावं लागलं. तू डबा घेऊन यायचीस. ते मी नाकारत नाही. गोळ्या मी तेव्हाही घेत होते, आजही घेते.

मग त्र्यंबक रोडचं ते हॉटेल. पुण्याहून मंजुषा मॅडम आणि त्यांच्यासोबतची माणसं आली होती, आपल्या कारखान्यात पैसे घालणारी. नमुन्याची बरणी गाडीत राहिली म्हणून मी खाली गेले. परत आले तर दार अर्धं उघडं होतं आणि तुझा आवाज येत होता. “तिला बरं नसतं हो. दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. उद्या काय बोलेल याचा भरवसा नाही. कागदावर तिचं नाव नको. आम्ही सांभाळू तिला.” मॅडम म्हणाल्या, “अरेरे.” दाजींनी फक्त मान हलवली. बोलायचं काम तुझ्याकडं होतं.

औषधं चालू होती हे खरं होतं. म्हणूनच तुझ्या शब्दाला धार आली.

मला पैसे नकोत, पैठणी नको, पेपरातला फोटो नको. त्याच माणसांसमोर, मी समोर बसलेली असताना, ते वाक्य तू परत घ्यायचंस. घेणार नसशील तर मी घ्यायला लावीन. कसं, ते अजून मला माहीत नाही. पण मला वेळ भरपूर आहे. सकाळी शाळेतल्या पोरांना विज्ञान शिकवते, नंतर मावशीचं खुरपणं. राग धरायला अख्खी दुपार मोकळी असते.

तेजू


सायखेडा, १६ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण तुमचं पाणी आलं.

तुमच्या कारखान्याची जागा मावशीनंच दाखवली होती, आठवतं? “नाल्याच्या वरच्या अंगाला माळ पडून हाय, स्वस्तात भेटंल.” त्याच नाल्याच्या खालच्या अंगाला तिचा झेंडू आहे. यंदा पावसानं मध्येच दडी मारली, म्हणून मावशीनं नाल्यावरची मोटर चालू केली. दोनदा पाणी दिलं आणि खालच्या पट्ट्यातली पानं कडेनं करपली. माती वाळली तशी वर पापुद्रा धरला, खुरपं लावलं की खापरीसारखा निघतो.

मावशीनं मला नाल्यावर नेलं. पाणी दुधाळ, काठाला फेस. “एवढं धुनं कोन धुऊन राह्यलं वर?” ती म्हणाली.

मी फेस बोटावर घेतला. बुळबुळीत. घरी येऊन पांढऱ्या फडक्याला हळद लावली आणि परत गेले. कारखान्याच्या वरच्या बाजूचं पाणी टाकलं, हळद पिवळीच राहिली. खालच्या बाजूचं टाकलं, कुंकवासारखी लाल झाली. साबणाचं पाणी लागलं की हळद लाल होते हे घराघरातल्या बायकांना माहीत आहे. मावशीनंही ओळखलं. तिला फक्त एवढंच कळेना की तेलाच्या कारखान्यात साबण कुठून आला.

मी तिला सांगितलं, तेल आणि मिथेनॉल यांचं लग्न लागलं की डिझेल होतं. पण त्यांची गाठ घालून द्यायला मध्यस्थ लागतो. आमची गोळी असा मध्यस्थ आहे की लग्न लावतो आणि बाजूला होतो. जुन्या पद्धतीत कॉस्टिक सोडा वापरतात. ते लग्न लावतं आणि संसारातच मुक्काम ठोकतं. तेलाशी भिडून साबण करतं. मग त्याला बाहेर काढायला डिझेल पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. ते धुतलेलं पाणी म्हणजे हे.

मावशी म्हणाली, “म्हंजी तुझा मध्यस्थ तिथं नाहीच.”

नाही, ताई. माझा मध्यस्थ तिथं नाही. मी नाल्याच्या काठावर बसून हसले. मावशी घाबरली. तिला वाटलं, पुन्हा सुरू झालं.

काय झालं असेल तेही मी सांगू शकते. गोळ्यांच्या पिशव्या शेडमध्ये उघड्या राहिल्या. पावसाळ्याची दमट हवा पिऊन गोळ्या मेल्या. मेलेल्या गोळीचा चुना होतो, खडू होतो, ती तेलाला हातसुद्धा लावत नाही. तिला पुन्हा भट्टीत घालून पांढरीफेक तापवली की जिवंत होते. हे मी दाजींना सातपूरला भट्टीपुढं उभं राहून सांगितलं होतं. ते मोबाइलवर बोट फिरवत होते. वेडीचं कोण ऐकतं.

म्हणजे चोरलंत, आणि चालवताही आलं नाही. पेपरात मात्र ‘पाण्याचा थेंब न वापरता’.

ताई, मला आता कसं ते कळलं.

तेजू


सायखेडा, १३ सप्टेंबर

ताई,

घटस्थापनेला तुमच्याकडं मोठा कार्यक्रम आहे असं गावभर झालंय. मंजुषा मॅडम आणखी पैसेवाले घेऊन येणार, आणखी तीन कारखाने काढायचं ठरणार, सरपंचांना पहिल्या रांगेत खुर्ची. मी तोवर थांबायचं ठरवलं होतं. आज तक्रार केली तर कोणीतरी साहेब येतील, चहा पितील आणि जातील. मला तो मंडप भरलेला हवा होता.

मावशीला हे पटलं नाही. आमचं भांडण झालं.

“तुला मॅडमसमोर बोलायचं हाय, व्हय? आन माझा झेंडू?”

“मोटर बंद ठेव. वाल्मीकच्या विहिरीचं पाणी घेऊ.”

“त्याचे टमाटे हायेत तहानलेले. तो मला देईन का टमाट्याला देईन?” मग म्हणाली, “पोरी, तुझा सूड लय मोठा हाय. मला फक्त दसऱ्याला फुलं पाह्यजेल.”

“थोडे दिवस, मावशी.”

“रोपाला नाय कळत थोडे दिवस.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तुझ्याकडं आली. मला न सांगता. पुढचं तुला माहीत आहे, पण तिनं घरी येऊन कसं सांगितलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

गेटवरच्या माणसानं तिला बसवून ठेवलं. तू बाहेर आलीस, पाया पडलीस. तिनं तुला करपलेलं रोप दाखवलं. मुळासकट उपटून नेलं होतं तिनं, पदरात गुंडाळून. तू रोपाकडं पाहिलंस. मावशी म्हणते, तुझं तोंड पांढरं पडलं. मग तू म्हणालीस, “मावशी, हे पाणी आमचं नाही. आमच्याकडं पाणी वापरतच नाहीत.” आणि आत जाऊन गणपतीच्या मोदकांचा डबा आणलास, ड्रायव्हरला सांगितलंस की हिला घरी सोड.

आपल्या दोघींच्या जन्माच्या वेळी आईच्या उशाशी बसलेली बाई ती. तिला तू गाडीतून परत पाठवलंस.

ती ओसरीवर येऊन बसली. डबा उघडला नाही, गाईपुढंही ठेवला नाही. मग म्हणाली, “खोटं बोलताना तिनं माझ्याकडं नाय पाह्यलं. रोपाकडं पाहून बोलली.”

मी विचारलं, “आता?”

“आता तू म्हनशील तसं. घटस्थापना तर घटस्थापना.”

तर तुझ्याविरुद्ध आता आम्ही दोघी आहोत. खरं तर तिघं, कारण वाल्मीकनं विहिरीचं पाणी दिलं. वरचा पट्टा वाचेल. खालचा पट्टा गेला. तो मी नांगरू दिला नाही. तसाच राहू दे म्हणाले, पाहुण्यांना दाखवायला.

तुला आधी सांगून ठेवते आहे, बघ. तू माझ्या पाठीमागं बोललीस. मी तुला तारखेसकट सांगून येते आहे. दाजींना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. गेटवर माणसं वाढवा. मी येणारच.

तेजू


सायखेडा, ४ ऑक्टोबर

ताई,

काल जे झालं ते तू पाहिलंस. तरी लिहिते आहे, कारण मला एक गोष्ट कळलेली नाही आणि ती विचारल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

गेटवर माणसं वाढली नव्हती. मला वाटलं होतं, अडवतील. मंडपवाल्यानं हार मावशीकडूनच घेतले होते, तेव्हा फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन आम्ही तिघं सरळ आत आलो. वाचलेल्या पट्ट्याची फुलं होती ती. तू मला पाट्या उतरवताना पाहिलंस. दाजींना हाक मारली नाहीस. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

दाजी छान बोलतात, हे मान्य. काचेची खिडकी असलेला तो उंच पोकळ खांब, आत पांढऱ्याशुभ्र गोळ्या, त्यावर हार. दाजी म्हणाले, “या गोळ्या डिझेलमध्ये विरघळत नाहीत. म्हणून डिझेल धुवावं लागत नाही. म्हणून सांडपाणी नाही. आज पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी प्लांट बंद ठेवलाय, नाहीतर एरवी दिवसभर यातून तेल वाहत असतं.” पाहुण्यांनी फोटो काढले. एकजण खिडकीला नाक लावून बघत होता.

ताई, मी महिनाभर भाषण पाठ करत होते. झेंडूच्या ओळीत खाली वाकून बोलायचे, मावशी ऐकून हसायची. त्यातलं एक वाक्यही मला आठवलं नाही. मी नुसती पुढं झाले आणि म्हणाले, “मॅडम, मी तेजस्विनी. साधनाची बहीण. या गोळ्या मी केल्या.”

दाजींनी आवाज अगदी मऊ केला. “मॅडम, आम्ही बोललो होतो ना तुम्हाला. हिला जरा बरं नसतं. चल तेजू, आत बसू, पाणी घे.” त्यांनी माझा दंड धरला. सगळे माझ्याकडं त्या नजरेनं बघायला लागले. ती नजर मला ओळखीची आहे. दवाखान्यात भेटायला येणारे तसे बघायचे.

मी दंड सोडवला नाही. मॅडमना एवढंच म्हणाले, “ज्या कढईत रोज चिवडा तळतात ती आतून कशी दिसते? आणि ज्या खांबातून दिवसभर तळणीचं तेल जातं, त्यातली गोळी इतकी पांढरी कशी? एक काढून बघा. मी वेडी असेन तर बोटाला तेल लागेल.”

मॅडमनी खिडकीपाशी जाऊन वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, “कुंदन, झाकण उघडता येईल ना?”

“किल्ली नाशिकला राहिली, मॅडम.”

आणि तू पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढलास.

कोणी तुला मागितला नव्हता. तू दाजींच्या समोरून चालत आलीस आणि त्यातली एक किल्ली वेगळी करून दिलीस. मॅडमना नाही, माझ्या हातात. दाजी फक्त “साधना” म्हणाले.

झाकण मी उघडलं. गोळी कोरडी होती. मॅडमनी ती बोटांत दाबली, तिचा चुरा झाला. खडूसारखी पूड त्यांच्या रुमालावर पडली. मग बाकी सगळं वाल्मीकनं केलं. त्यानं सगळ्यांना शेडच्या मागं नेलं, जिथं कॉस्टिकच्या पिशव्या होत्या आणि टाकीचा पाइप नाल्यात सोडला होता. तिथून मावशीच्या खालच्या पट्ट्यावर. मावशी पाहुण्यांना एकच वाक्य सांगत होती. “ह्यो झेंडू व्हता.”

मी जिंकले, ताई. पण घरी येऊन मला राग आवरत नाही. मी पत्रात मागितलं होतं ते वाक्य. तू दिलीस किल्ली. जे मी तुझ्याकडून ओढून घेणार होते, ते तू आपण होऊन हातावर ठेवलंस आणि मला काही करायलाच ठेवलं नाहीस. का दिलीस? दाजी बुडताना दिसले म्हणून? मॅडमसमोर स्वच्छ राहावं म्हणून? की माझी कीव आली?

कीव आली असेल तर तुला कधीच सोडणार नाही.

तेजू


सायखेडा, १५ ऑक्टोबर

ताई,

गंगापूर रोडच्या घरी अजून आहेस की नाही, माहीत नाही. तरी तिथंच पाठवते.

सरकारी माणसं आली, कारखान्याला सील लागलं. दाजी सुरतेला गेले म्हणतात, मोठ्या भावाकडं. तुला न घेता. गावात लोक मला विचारतात, आता समाधान झालं का. मी हो म्हणते. दसऱ्याला मावशीच्या फुलांना नाशिकच्या बाजारात चांगला भाव मिळाला, म्हणून तीही बरी आहे. वरच्याच पट्ट्याची फुलं, पण आली.

काल मंजुषा मॅडमचा फोन आला. कारखाना मी चालवावा असं त्यांचं म्हणणं आहे. माझ्या गोळ्या, माझी भट्टी, माझं नाव. मी ऐकत होते. मग त्या सहज म्हणाल्या, “साधना येऊन गेली पुण्याला. त्या दिवशी हॉटेलात जे बसले होते त्या सगळ्यांना तिनं बोलावून घेतलं होतं. तुम्हाला सांगितलं असेलच तिनं.”

मी म्हटलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली की तेजस्विनीला झोप लागत नव्हती, दुःख झालं होतं, पण तिचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी मुद्दाम उलटं सांगितलं. मग उठली आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही.”

मी फोन ठेवला आणि मावशीच्या अंगावर ओरडले. तिचा काही दोष नव्हता.

मी समोर बसलेली असताना, असं मी लिहिलं होतं. सगळ्यात आधी मी तेच लिहिलं होतं. मला तुझं तोंड बघायचं होतं ते शब्द बोलताना. तुझा आवाज कुठं अडकतो ते ऐकायचं होतं. तू वाईट बोललीस तेही माझ्या पाठीमागं, चांगलं बोललीस तेही पाठीमागं. माझ्यासमोर तुला कधी काही बोलताच येत नाही का?

मावशी म्हणते, “आता तरी कागद बंद कर.” मी नाही करणार. माझं अजून फिटलेलं नाही.

तेजू


सायखेडा, १० नोव्हेंबर

ताई,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू इथून दिसतेस. ओसरीवर मावशीच्या शेजारी बसून वाटाणे सोलते आहेस. मी आत टेबलाशी आहे. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहिते. लिहून झालं की तुझ्या चपलांवर ठेवीन.

भाऊबीजेनंतर तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी दार लावून घेणार होते. मावशीनं माझा हात धरला. म्हणाली, “घर माझं हाय.” मग तुला म्हणाली, “ये. हातपाय धू.” एवढंच. मोदकांचा विषय नाही, रोपाचा नाही. तिचा मला रागच आला. तिला सोपं जातं सगळं.

घर विकायला काढलंस, दाजी फोन उचलत नाहीत, हे मावशीनं सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं का ते मी तपासून पाहिलं. नाही वाटलं.

काल मात्र तू कुकर लावत होतीस आणि माझं तुझ्या हातांकडं लक्ष गेलं. बोटांची टोकं सोललेली, नखांच्या मुळाशी काळं. मी ठरवलेलं मोडून बोलले.

“हे काय?”

“कॉस्टिक.”

“कॉस्टिक कामगार ओततात.”

“कामगारांना कळलं असतं तर गावाला कळलं असतं. मीच ओतायचे. तुझे दाजी म्हणायचे, घरातलं माणूस असावं.”

तू कुकरचं झाकण लावलंस आणि माझ्याकडं पाठ करून बोलायला लागलीस. तुला तसंच जमतं.

“तुझं घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, निदान चालेल तरी. चाललं असतं तर मी स्वतःला काहीतरी सांगून झोपले असते. रोज त्या पांढऱ्या गोळ्यांवरची धूळ पुसायची, पाहुण्यांना दाखवायच्या, आणि मागं जाऊन पिशवी फोडायची. मावशीनं रोप दाखवलं ना, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. तुझं पत्र आलं की घटस्थापनेला येणार. मी दिवस मोजत होते.”

“मग दाजींना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू आत आली नसतीस.”

मी बाहेर निघून गेले. विहिरीपर्यंत जाऊन आले. मला तुझ्यावर दया येऊ नये म्हणून मी त्र्यंबक रोडचं ते अर्धं उघडं दार आठवत राहिले. ते आठवलं की अजून तुझा शब्द न् शब्द ऐकू येतो. बरं वाटलं. म्हणजे राग शाबूत आहे.

आता कामाचं लिहिते.

मंजुषा मॅडमना मी हो सांगितलं आहे. पण अट माझी. आधी नाला आणि मावशीचा खालचा पट्टा साफ होईल, मग सील उघडायला अर्ज, मग भट्टी. नाल्याच्या तळाशी साबणाचा गाळ घट्ट बसलाय, यंत्र लावलं तर काठ ढासळेल, म्हणून हातानं काढायचा. वाल्मीक टोपल्या आणि ट्रॅक्टर देणार आहे. गावातले लोक मजुरीवर यायला तयार आहेत. मी त्यांना नाही म्हणाले. हा गाळ तू केलास, तो तू काढायचास. मावशीच्या देखत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत. लोक थांबून बघतील. त्यांना बघू दे.

मीही उतरणार आहे, कारण तू एकटी नीट काढशील यावर माझा विश्वास नाही. आपण बोलायचं नाही. तुला काही सांगायचं असेल तर माझ्याकडं तोंड करून सांगायचं, नाहीतर सांगायचं नाही.

उद्या सकाळी चहा झाला की निघायचं. जुनं लुगडं मावशीकडून घे, तुझ्या साड्या कामाच्या नाहीत. गाळात अजून कॉस्टिक आहे, भाजतं. सायखेड्याच्या दुकानात रबरी हातमोज्यांचा एकच जोड मिळाला. तो खुंटीला लावलाय. तू घाल. तुझे हात गेले तर उरलेला गाळ मला एकटीला काढावा लागेल, आणि ते मला चालणार नाही.

तेजू